अण्णा उपाशी, तर क्लब उपाशी

लोक मला अजून विचारतात, "मास्तर, अनवाणी पोरं घेऊन तुम्ही बुटवाल्या पलटणीला कसं हो हरवलंत?" मी सांगतो, "भुकेनं." ते हसतात. त्यांना वाटतं, म्हातारा थट्टा करतोय. दिवाळी अंकाच्या संपादकांनाही मी हेच सांगितलं, तर ते म्हणाले, तेवढंच लिहून द्या. तेव्हा आता लिहितो. थट्टा वाटली तर वाटू द्या.

मी बेळगावजवळच्या अनगोळचा. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला गेलो, हवालदार होऊन परत आलो. तिकडे वाळूत गोरे सोजीर फुटबॉल खेळायचे, त्यांच्यात एखादा गडी कमी पडला की मला उभं करायचे. बुटांच्या लाथा खाऊन खाऊन खेळ शिकलो. पुढं आमच्या गावात कॉलेज निघालं, मुंबई विद्यापीठाला जोडलेलं, आणि पोरांना कवायत शिकवायला मला घेतलं. कवायत कुणाला आवडत नाही. मलाही नाही. म्हणून मी कॉलेजात फुटबॉल क्लब काढला. पोटची पोरं आपापल्या वाटेनं गेली, त्याचं मला काही वाटलं नाही. पण हा क्लब माझ्यामागं राहावा, अशी माझी फार इच्छा होती.

जिमखाना मास्तर म्हणजे शिट्टी वाजवणारा माणूस, असं बाहेरच्यांना वाटतं. अहो, शिट्टी शेवटी! आधी मैदानावरची म्हसरं हाकलायची. मग फक्की मारून रेषा आखायच्या. आमच्याकडचा पाऊस असा, की रेषा मारून पाठ वळवली की चुना वाहून गेलेला. म्हणून मी कुदळीनं चर खणूनच रेषा काढायचो. त्यात पाय अडकून पडलेला गडी मला शिव्या द्यायचा, पण रेषा कुठं आहे हे विसरायचा नाही. मग चेंडू. तेव्हाचा चेंडू म्हणजे चामड्याची पिशवी, आत रबरी ब्लॅडर, आणि तोंड बांधायला चामड्याची वादी. वादी नीट दाबून बसवली नाही आणि चेंडू डोक्यानं मारला, की कपाळावर खूण. पावसात भिजला की चेंडू धोंड्यासारखा जड व्हायचा. रात्रभर चुलीपासून लांब, वाऱ्याला टांगून वाळवायचा, सकाळी चरबी चोळायची. आमच्या घरात चेंडूची जेवढी बडदास्त व्हायची तेवढी जावयाची झाली नाही, असं आमची मंडळी म्हणायची.

आता पोरं. खानापूर बाजूच्या भातशेतीतली पोरं कॉलेजात यायला लागली होती. त्यातला दत्तू हा पहिला. काळा, आडवा, मांड्या केळीच्या खुंटासारख्या. त्याला मी माझे पलटणीतले बूट दिले. दोन पावलं चालला आणि काढून माझ्या हातात ठेवले.

"मास्तर, पाय चावतात ह्यात. मला चिखुल समजत न्हाय."

"चिखल समजायचा काय असतो रे?"

"व्हय की! रोप लावताना कुटं रुतंल, कुटं न्हाय, हे तळपायच सांगतंय. बुटाला काय कळतंय?"

पोराला पावसात मैदानावर सोडला. बुटवाले घसरत होते आणि हा गुडघाभर चिखलातून बैलासारखा सरळ चालला होता. मी त्याला सेंटर फॉरवर्ड केला.

दुसरा अण्णाप्पा. सगळे अण्णाच म्हणायचे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारवाल्यांचा, जैन. उंच, शिडशिडीत, हात गुडघ्यापर्यंत. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. त्याला गोलकीपर केला. पण त्याच्या दोन अटी होत्या. एक, चामड्याच्या चेंडूला हात लागल्यावर आंघोळ केल्याशिवाय तो जेवणार नाही. दोन, सूर्य बुडाल्यावर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. आईबरोबर मुनिमहाराजांपुढं नेम घेतला होता.

आता बघा गंमत. फुटबॉलचा मोसम पावसाळ्यातला, आणि चातुर्मासही पावसाळ्यातला. मॅच संपणार दिवस मावळायच्या बेताला. त्यात विहिरीवर आंघोळ, मग जेवण, आणि हे सगळं सूर्य असेपर्यंत. मी म्हटलं, "अण्णा, एखाद दिवस महाराज माफ करतील." तो हसून म्हणाला, "महाराज करतील हो मास्तर. मीच करणार न्हाय." झालं! अशा माणसाशी हुज्जत कोण घालणार? जैन बोर्डिंगचा आचारी मॅचच्या दिवशी त्याचा डबा मैदानाकडेच्या विहिरीपाशी आणून ठेवायला लागला.

पहिल्याच पावसाळ्यात एक मॅच बरोबरीत राहिली. जादा वेळ खेळावं लागलं. कशीबशी जिंकलो आणि पोरं बोंबलत वसतिगृहात गेली. सूर्य कधीच बुडाला होता. पंगत बसली, भाताचे डोंगर वाढले गेले. अण्णा दाराशी भिंतीला टेकून बसला होता, ओठ सुकलेले, पण तोंडावर हसू. दत्तूनं पहिला घास उचलला, अण्णाकडं बघितलं आणि घास परत पानात ठेवला.

"अण्णा जेवला न्हाय?"

"सूर्य गेला की रं."

"मग सकाळपातूर असाच?"

"सवय हाय मला. तू जेव."

दत्तू उठला. "गोल ह्यानं आडवायचे आनि आमी गिळायचं व्हय? माझ्याच्यानं न्हाय व्हायचं." तो उठला तसा त्याच्या शेजारचा उठला, मग सगळी रांग उठली. आचारी कपाळाला हात लावून बसला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तेव्हा आठ भाकऱ्यांचा गडी. पोटात कावळे कोकलत होते. पण पोरं उभी आणि मास्तर बसलेला, हे शोभलं असतं का? मीही उठलो. घरी गेलो तर मंडळींनी ताट वाढलेलं. म्हटलं, आज उपास. ती म्हणाली, "अवो, लोक एकादशीला उपास धरतात, तुम्ही फुटबॉलला धरालाय काय?"

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर आम्ही सगळे विहिरीपाशी एकत्र जेवलो. त्या काळात कुणी कुणाच्या पंगतीला बसायचं याचे केवढे तरी नियम असायचे. आमच्यात शेतकऱ्याची पोरं, खासबागेतला एक विणकराचा पोर, कॅम्पातला एक ख्रिश्चन. भुकेनं सगळे नियम एका सकाळीत मोडले. तेव्हापासून क्लबाचा कायदा झाला: अण्णा उपाशी, तर क्लब उपाशी. कुणी लिहिला नाही, कुणी मोडला नाही.

आणि मग या कायद्यानं जे केलं, ते माझ्या शिट्टीला जमलं नसतं. शेतकऱ्याच्या पोराला सगळं सहन होतं, रात्रीचं जेवण बुडालेलं सहन होत नाही. मॅच बरोबरीत गेली तर जादा वेळ, जादा वेळ म्हणजे सूर्य गेला, सूर्य गेला म्हणजे ताट गेलं! पोरं शिट्टी वाजल्यापासून अशी तुटून पडायला लागली, की मध्यंतरापर्यंतच निकाल लागावा. तिकडं आमचे गडी पुढं लढत असले की अण्णाला गोलात काम नसायचं. तो मावळतीकडं डोळे लावून उभा. ऊन उतरायला लागलं की कानडीत आरोळी ठोकायचा, "होत्त मुळगतैतोऽ!" म्हणजे, सूर्य बुडतोय रे! ती आरोळी ऐकली की दत्तूच्या अंगात वारं शिरायचं.

पलटणीचा एक गोरा कॅप्टन आमच्या मॅच बघायला यायचा. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "हवालदार, तुमचा गोलकीपर जी खूण ओरडतो, त्या डावाचं नाव काय?" मी म्हटलं, "साहेब, तो गुप्त डाव आहे." पुढच्या आठवड्यात पलटणीचा कीपरपण काहीतरी ओरडायला लागला. नुसतं ओरडून काय होणार? त्याच्या पोरांची पोटं भरलेली होती.

धारवाडकडच्या एका टीमला मात्र आमचं मर्म कळलं. आम्ही तिकडं खेळायला गेलो तर त्यांनी स्वागत आरंभलं. हार, भाषण, चहा, परत भाषण. त्यांचा कप्तान गोड बोलून वेळ काढत होता. अण्णा सूर्याकडं बघतोय, दत्तू अण्णाकडं बघतोय. तिसरे गृहस्थ बोलायला उठले तसा दत्तू माझ्या कानाशी आला, "मास्तर, ह्यांनी पेढं बी ठेवल्यात. खेळाय उशीर करत्यात ते आमाला खाऊ घालाय न्हाय, सूर्य बुडवाय." त्या दिवशी पोरं जी पेटली ती पेटली. मध्यंतराला त्यांच्या कप्तानानं मला विचारलं, "एवढा राग कशाचा हो?" मी म्हटलं, "तुमचं भाषण लांबलं."

एक अडचण होती. आमच्याकडं पावसात सूर्य दिसतो कुठं? चार-चार दिवस आभाळ उघडत नाही. मग सूर्य बुडाला हे ठरवायचं कसं? घड्याळ फक्त रेफरीकडं, आणि ते कॅम्पातल्या एखाद्या गोऱ्याच्या मनगटावर. मी जुना पलटणवाला. मी निकाल दिला: कॅम्पात सूर्यास्ताला झेंडा उतरवताना बिगुल वाजतो, तो वाजला की सूर्य बुडाला. पलटणीचा बिगुल चुकत नाही. अण्णानंही ते मान्य केलं. ढगाळ दिवशी आम्ही बिगुलावर जेवायचो आणि बिगुलावर उपाशी राहायचो.

ज्या दिवशी कॅम्पातल्या ढालीचा शेवटचा सामना होता, त्या दिवशी आभाळ असं काळंकुट्ट, की दुपारीच दिवे लावावेत. समोर पलटण. अर्धं बेळगाव मैदानाभोवती छत्र्या घेऊन उभं. चिखलात बूट की अनवाणी पाय, एवढाच प्रश्न होता, पण पलटणवालेही कच्चे नव्हते. त्यांनी एक केला, दत्तूनं एक फेडला. दत्तूच्या पायाची बोटं बुटाखाली ठेचली होती, चिखलात रक्त मिसळत होतं. शिट्टी वाजली. बरोबरी. जादा वेळ.

आणि जादा वेळ सुरू झाला न झाला तोच कॅम्पातून बिगुल वाजला.

मी पोरांकडं बघितलं. अहो, वारं गेलेल्या शिडासारखी झाली सगळी. ताट गेलं होतं. आता हरलं काय, जिंकलं काय, रात्र उपाशीच. अण्णानं मान खाली घातली. त्याला स्वतःच्या भुकेचं काही नव्हतं, पण आपल्यापायी दहा जणांचं पोट जळतंय, हे त्याला दर वेळी लागायचं. पलटण आमच्या गोलावर चालून यायला लागली. अण्णानं दोनदा अंग टाकून चेंडू अडवला. मी काठावर उभा राहून ओरडत होतो, पण माझाच आवाज मला खोटा वाटत होता.

तेवढ्यात पश्चिमेला ढगाची कड फाटली. तांबडं ऊन सरळ अण्णाच्या तोंडावर आलं. सूर्य चांगला हातभर वर होता! त्या दिवशी कुणी बडा साहेब छावणीत आलेला, म्हणून झेंड्याचा सोहळा लवकर उरकला होता, हे मला नंतर कळलं. ज्या बिगुलावर मी पोरांची ताटं टांगली होती, तो बिगुल साहेबाच्या सोयीनं वाजला होता.

अण्णा दोन्ही हात वर करून नाचायला लागला. "इन्ना होत्त ऐतोऽ! दत्तू, हाय रं अजून सूर्य! हाय!"

त्यानं चेंडू असा लांब फेकला, की तो थेट दत्तूच्या पायाशी. पुढचं मी सांगून तुम्हाला कळणार नाही. ठेचलेल्या बोटांनी तो पोरगा त्या चिखलातून गेला, दोन बुटवाले त्याच्या अंगावर येता येताच घसरले, आणि चेंडू जाळीत. मैदानाभोवतीच्या छत्र्या हवेत उडाल्या. मी भर पावसात रडलो. पाऊस होता म्हणून बरं.

मग ढाल द्यायचा समारंभ. फोटोग्राफर तीन पायांची घोडी मांडून तयार. पोरांना रांगेत उभं केलं. त्यानं काळ्या कापडात डोकं घातलं आणि आतूनच "हलू नका" म्हणाला. त्याचं काहीतरी जमेना. सूर्य डोंगराला टेकत आलेला. अण्णा पुटपुटला, "मास्तर, मी निघालो." आणि सुटला विहिरीकडं. त्याच्यामागं दत्तू लंगडत, दत्तूमागं सगळे. फोटोग्राफरनं तेव्हाच बटण दाबलं. कापडातून डोकं काढून बघतो, तर पुढं मी एकटा, हातात ढाल, पायाशी चेंडू!

कॅप्टन चक्रावला. "हवालदार, टीम किधर है?"

"खाना, साहेब," मी म्हटलं.

विहिरीवर गेलो तर अण्णा ओल्या धोतरानं बसलेला, पोरं त्याच्याभोवती, आणि शेवटचा घास सूर्याच्या शेवटच्या बोटभर उजेडात गेला. असं जेवण मी नंतर कधी जेवलो नाही.

तो फोटो जिमखान्यात लागला. मी, ढाल, चेंडू, आणि उजव्या कोपऱ्यात एक चिखलानं भरलेली पळती टाच. ती दत्तूची.

चढती इथपर्यंत. उतरतीचं फार लांबवत नाही. अण्णा बी.ए. झाला आणि निपाणीला वखारीत बसला. दत्तूला त्याच कॅप्टननं पलटणीत ओढलं, फुटबॉलसाठी. जाताना म्हणाला, "मास्तर, बरं हाय. तितं येळेवर जेवान मिळतंय, होत्त बगाय लागत न्हाय." मग दुसरं महायुद्ध पेटलं. ब्लॅडर मिळेनात, मैदानावर लष्कराच्या मोटारी उभ्या राहिल्या, बेचाळीसला पोरं चळवळीत गेली, वसतिगृह बंद पडलं. दत्तू आफ्रिकेच्या वाळवंटात गेला तो परत आला नाही. त्याच्या कंपनीतला एकजण रजेवर आला, तो मुद्दाम मला शोधत आला. म्हणाला, "मास्तर, हा अण्णा कोण हो? दत्तू ताट पुढं आलं की रोज विचारायचा, अण्णा जेवला असंल न्हवं? आमी म्हणायचो, जेवला, तू गीळ आता." मी त्या माणसाला चहासुद्धा विचारू शकलो नाही. आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसलो.

युद्ध संपल्यावर मी परत क्लब उभा केला. पोरं आली, बूटही आले, पैसेवाल्यांची पोरं होती. पण एक दिवस जादा वेळ झाला, आणि नवा कीपर, तोही चिकोडीकडचा जैन पोर, उपाशी राहिला. बाकीचे टॉवेल खांद्यावर टाकून बाजारात भजी खायला निघाले. मी दारात आडवा उभा राहिलो, जुना कायदा सांगितला. कप्तान वाईट पोर नव्हता. अदबीनं म्हणाला, "सर, ज्याची त्याची भूक." आणि बाजूनं निघून गेला. मला तेव्हाच कळलं, क्लब संपला. कॉलेजच्या कमिटीला कळायला आणखी एक वर्ष लागलं.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावलं. "मास्तर, फुटबॉलला पोरं येत नाहीत. सगळ्यांना क्रिकेट पाहिजे. येत्या सामन्याला अकरा उभे केलेत तर क्लब ठेवू. नाहीतर मैदान क्रिकेटला." मी पोरांच्या घरोघर फिरलो. हात जोडले, धमक्या दिल्या, एकाला बूट घेऊन दिले. आणि अण्णाला निपाणीला निरोप धाडला, नुसता बघायला ये म्हणून.

सामन्याच्या दिवशी सर्व्हिस मोटारीच्या टपावरून पितळी डब्यांची चळत उतरली, मागून अण्णा. पोट सुटलेलं, डोक्यावर काळी टोपी. "हे काय रे?" मी विचारलं. "टीमचं जेवान," तो म्हणाला. "पोरं खेळून दमून येणार. सूर्य जायच्या आत बसू सगळे."

पोरं नऊ आली.

आम्ही वाट बघितली. समोरची टीम उभी, रेफरी घड्याळ बघतोय. दोघं आलेच नाहीत. एकाच्या घरी पाहुणे, एकाला कंटाळा. रेफरीनं शिट्टी वाजवून समोरच्यांना विजयी केलं. प्रिन्सिपॉलसाहेब छत्री मिटून माझ्यापाशी आले, खांद्यावर हात ठेवून गेले. मी तिथंच चरात काढलेल्या रेषेवर बसलो. इतकी वर्षं मी त्या मैदानावर कधी बसलो नव्हतो.

अण्णा आला. विहिरीवर हातपाय धुतलेले. त्यानं आभाळाकडं बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, होत्त हाय अजून. उठा."

"कशाला? टीम कुठाय?"

"पोरं बसल्यात पंगतीला. न खेळताच भूक लागल्या म्हणत्यात."

गेलो. विहिरीच्या कडेला नऊ पोरं ओळीनं बसली होती. अण्णानं मला एक पत्रावळ मांडली, एक स्वतःला. खेळायला भरले नाहीत, जेवायला मात्र अकरा भरले. अण्णानं पहिला घास उचलला, थांबला, आणि हळूच म्हणाला, "दत्तू जेवला असंल न्हवं?" कोणत्या पोराला काही कळलं नाही. मी म्हटलं, "जेवला. तू गीळ आता."

आता मैदानात क्रिकेटची खेळपट्टी आहे. चांगली आहे, उगाच नावं ठेवत नाही. पेन्शन घ्यायला गेलो की मी जिमखान्यात डोकावतो. फोटो अजून आहे, काच तडकल्येय. परवा एक नवा मास्तर भेटला, पँटीला कडक इस्त्री. फोटोकडं बोट करून त्यानं विचारलं, "आजोबा, टीमचा फोटो म्हणतात हा, आणि तुम्ही एकटेच. टीम कुठाय?"

मी कोपऱ्यातली ती टाच त्याला दाखवली.

"टीम जेवायला गेलीय," म्हटलं.